वॉर्डचा ड्युटी ग्रुप: नवीन स्टाफ आणि इन्चार्ज सिस्टर यांच्यासाठी व्हॉट्सॲप कितपत कामाचं?

मुंबईतल्या बहुतेक हॉस्पिटलांत नवीन स्टाफ नर्स रुजू झाली की आयकार्ड मिळायच्या आधी तिचा नंबर वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जातो. ड्युटी कुठली लागली, ऑफ कधी, सीएल (किरकोळ रजा) मंजूर झाली का, हे सगळं तिला तिथूनच कळतं. इन्चार्ज सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख नर्स, बहुतेक मॉर्निंगला असतात आणि फ्रेशरच्या वाट्याला ईव्हिनिंग आणि नाईट येतच राहतात. दोघींची गाठ पडते ती ओव्हरच्या, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देण्याच्या, गडबडीत. बाकीचं नातं फोनवर जुळतं नाहीतर तिथेच बिघडतं. त्यामुळे हे ॲप वॉर्डात किती उपयोगी पडतं ते एकदा नीट तपासायला हवं.

निकाल आधीच सांगून टाकतो. कळवायला हे साधन उत्तम आहे. काही ठरवायला आणि कुणाची चूक दाखवायला फार वाईट आहे. बिघडतं ते या दोन्हींसाठी एकच ग्रुप वापरल्यामुळे.

रोस्टर: ५ पैकी ४, पण फोटो टाकणं बंद केलं तरच

आठवड्याचं रोस्टर (कोणाला कुठली ड्युटी याचा तक्ता) साधारण शुक्रवार-शनिवारी लागतं. ड्युटी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, ही सगळीकडची पद्धत. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. तीस नावं, सात रकाने, वर पेनाने केलेली खाडाखोड, हे सगळं झूम केल्यावर एम आणि एन सारखेच दिसायला लागतात. मॉर्निंगच्या जागी नाईट वाचली जाते आणि सकाळी सातला वॉर्डात एक माणूस कमी पडतं. नवीन मुलगी ‘बेजबाबदार’ ठरण्याची सुरुवात कितीदा तरी इथूनच होते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

त्यावर उपाय पैशाविना होतो. पान स्कॅन करून पीडीएफ म्हणून ‘डॉक्युमेंट’मधून पाठवायचं, म्हणजे ते दाबलं जात नाही. फाइलच्या नावात वॉर्ड, तारखा आणि कितवी प्रत ते लिहायचं: ‘वॉर्ड ७, १२ ते १८, सुधारित २’. मग तो मेसेज पिन करायचा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहतो. रोस्टरला ७ दिवस पुरतात. जुनी प्रत ॲडमिनने ‘सर्वांसाठी’ डिलीट करायची. ही सोय दोन दिवसांपेक्षा थोडीच जास्त वेळ मिळते, म्हणून सुधारित रोस्टर टाकल्याबरोबर जुनं काढावं. मुदत गेली असेल तर जुन्या मेसेजला रिप्लाय देऊन ‘रद्द’ लिहावं. एकाच आठवड्याची तीन रोस्टरं ग्रुपवर पडून असतील तर कुठलं खरं हे विचारायला नवीन स्टाफ घाबरते आणि जे आधी सापडेल ते धरून चालते.

तारखेचा घोळ वेगळा. रात्री एक वाजता ‘उद्याची नाईट तुझी आहे’ असा मेसेज आला तर उद्या म्हणजे कुठला दिवस? नाईट दोन तारखांवर पसरलेली असते. ‘१४ रविवार रात्री ते १५ सोमवार सकाळ’ असंच लिहावं, दर वेळी. मराठी, मल्याळी आणि हिंदी बोलणाऱ्या सिस्टर एकत्र असलेल्या वॉर्डात तर याला पर्यायच नाही.

रोस्टर लावतानाच एक गोष्ट करावी, ती ॲपच्या बाहेरची आहे. रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे पेन्सिलने राहण्याचं स्टेशन लिहावं. ईव्हिनिंगला लागून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावली की कागदावर ती फक्त दोन अक्षरं दिसतात. परळच्या हॉस्पिटलात ईव्हिनिंग नऊला संपली, तरी ओव्हर देऊन निघेपर्यंत साडेनऊ होतात. बदलापूरला घरी पोचेपर्यंत सव्वाअकरा-साडेअकरा. सकाळी सातची ड्युटी गाठायला पाचच्या आसपासची लोकल. जेवण, आंघोळ वजा केली तर झोप चार तासांची. अशा सकाळी इन्सुलिनचे डोस काढायला तिला उभं करणं पेशंटच्याही जिवाशी खेळ आहे. तीच ड्युटी हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला लावली तर त्रास निम्मा होतो, फक्त मग तिच्यावरच दर वेळी हे पडू नये म्हणून पाळी ठेवावी लागते. रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. ते पाहून कल्याणच्या पुढच्यांना आणि हार्बरवरच्यांना रविवारची मॉर्निंग लावायची की नाही ते ठरवता येतं.

ड्युटी बदलून घेणं

इथे व्हॉट्सॲपचा दर्जा एकदम घसरतो. कारण साधं आहे: अंगठा. नवीन स्टाफ लिहिते, ‘सिस्टर, मी आणि अमुक सिस्टर गुरुवार बदलतोय.’ इन्चार्ज अंगठा दाखवतात. त्यांच्या मनात असतं ‘वाचलं, बघते’. तिला वाटतं मंजूर झालं. रजिस्टरमध्ये बदल होत नाही, हजेरी मात्र रजिस्टर किंवा बायोमेट्रिकवरच लागते, आणि महिन्याच्या शेवटी पगारात एक दिवस कापला जातो. महापालिकेच्या आणि सरकारी हॉस्पिटलांत तर इन्चार्जच्या वर मेट्रन ऑफिस असतं, त्यामुळे परिसेविकेचं, म्हणजे इन्चार्जचं, ‘ठीक आहे’सुद्धा काही वेळा अंतिम नसतं.

नियम एकच ठेवावा: ‘मंजूर, रजिस्टरमध्ये केलं’ हे शब्द आल्याशिवाय बदल झालेला नाही. अंगठा, हात जोडलेले, ‘ओके’, यातलं काहीही चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

मागणारीनेही मेसेज पूर्ण लिहावा. ‘सिस्टर, फ्री आहात का?’ असं लिहून वाट बघणं म्हणजे राउंडवर असलेल्या बाईला कोडं घालणं. व्हॉइस नोट तर नकोच. डॉक्टर समोर असताना ती ऐकता येत नाही. असा मेसेज चालतो: ‘सिस्टर, १८ गुरुवार माझी ईव्हिनिंग आहे, घरी कार्य आहे. बेड १ ते ६ बघणाऱ्या सिस्टर बदलायला तयार आहेत. त्यांची त्या दिवशी मॉर्निंग आहे, मला १७ला नाईट नाही. रजिस्टरमध्ये बदलाल का?’ तारीख आणि वार, कुठली ड्युटी, कोण तयार आहे, आणि बदलामुळे कुणाला सलग दोन ड्युट्या पडत नाहीत याची खात्री, इतकं त्यात आलं की इन्चार्जला उलट विचारावं लागत नाही. ज्या फ्रेशरचे मेसेज असे येतात तिच्या शब्दावर इन्चार्जचा विश्वास लवकर बसतो.

डबल ड्युटीला (आपली ड्युटी संपल्यावर लागून पुढचीही) कोण थांबेल हे विचारण्यासाठी ग्रुपवर पोल टाकायची सवय काही ठिकाणी लागली आहे. व्हॉट्सॲपचा पोल गुप्त नसतो. कुणी काय निवडलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. प्रोबेशनवरची मुलगी सीनियरांच्या डोळ्यांदेखत ‘नाही’वर बोट ठेवणार नाही. त्याला संमती म्हणत नाहीत. डबलसाठी एकेकीला फोन करून विचारावं, आणि गेल्या महिन्यात कोणी किती डबल केल्या याची नोंद समोर ठेवून विचारावं. ‘वॉर्डातलं वातावरण कसं आहे, मत द्या’ असला पोलही टाकू नये, त्याच कारणासाठी.

चूक दाखवणं: इथे शून्य

या परीक्षणात सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. एक नमुना मेसेज बघा, असे मेसेज वाचले नाहीत अशी मुंबईतली नर्स सापडणं कठीण. सकाळी ७:४०, ग्रुपमध्ये चौतीस जण:

‘काल ईव्हिनिंगला बेड ९ला कोण होतं? आयओ चार्ट ४ नंतर कोरा. असं काम करायचं असेल तर घरी बसा.’

आयओ चार्ट म्हणजे पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं आणि लघवीवाटे वगैरे किती बाहेर पडलं याची नोंद. मेसेजमध्ये नाव लिहिलेलं नाही, पण रोस्टर त्याच ग्रुपवर पिन केलेलं आहे. अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कळतं कोण ते. ज्यांचा काही संबंध नाही अशा तिघी-चौघी ‘सॉरी सिस्टर’ लिहितात. जिची चूक ती रात्री उशिरा घरी पोचून झोपलेली असते आणि उठल्यावर वाचते. ती काहीच लिहीत नाही. त्यावरून आणखी एक मेसेज येतो: ‘वाचून उत्तर द्यायची पद्धत नाही.’

दुखावण्यापलीकडे इथे एक कामाची माहिती कायमची हरवते. चार्ट कोरा का राहिला? त्या वेळी दोन ॲडमिशन एकत्र आल्या होत्या का? पेशंट सीटीला खाली गेला होता का? युरोबॅग (लघवीची पिशवी) मावशींनी रिकामी केली आणि मोजून सांगितलं नाही का? ही तिन्ही कारणं वेगळी आणि तिन्हींचे उपाय वेगळे. चारचौघांत बोलणी खाल्लेली मुलगी यातलं काहीच सांगत नाही. पुढच्या वेळी ती चार्ट कोरा ठेवणार नाही, अंदाजाने भरेल. हे कोऱ्या चार्टपेक्षा कितीतरी भयंकर आहे. किडनीच्या किंवा हार्ट फेल्युअरच्या पेशंटला लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) किती द्यायचं, सलाइन चालू ठेवायचं की थांबवायचं, हे डॉक्टर त्याच आकड्यांवरून ठरवतात. कोरा रकाना निदान ओरडून सांगतो की माहिती नाही. खोटा आकडा गप्प बसून घात करतो.

तीच गोष्ट तिच्या एकटीच्या नंबरवर अशी लिहिता येते: ‘बेड ९चा आयओ ४ ते ८ भरलेला नाही. आज २च्या ओव्हरआधी १० मिनिटं लवकर ये, चार्ट समोर ठेवून बोलू. आता अंदाजाने आकडे भरू नको.’ यात नरमाई दाखवलेली नाही. चूक स्पष्ट आहे, वेळ ठरलेली आहे, आणि सगळ्यात मोठा धोका, मागाहून भरण्याचा, आधीच अडवला आहे. बोलून झाल्यावर कारण सगळ्यांच्या उपयोगाचं निघालं, तर ते बेड नंबर आणि तारीख न लिहिता ग्रुपवर टाकावं: ‘युरोबॅग रिकामी करण्याआधी मावशींनी सिस्टरला दाखवायची, आजपासून.’

मॉर्निंग-ईव्हिनिंगच्या मधली ती दहा-पंधरा मिनिटं हीच खरी भेटीची जागा. पहिले तीन महिने प्रत्येक फ्रेशरला आठवड्यातून एकदा तिथे दहा मिनिटं द्यायची, उभ्या-उभ्या का होईना. एकच प्रश्न पुरतो: ‘या आठवड्यात कुठल्या कामाला हात लावायची भीती वाटली?’ उत्तर सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) ड्रेसिंग निघेल, ब्लड ट्रान्सफ्युजन निघेल, कधी एखाद्या कन्सल्टंटचं नाव निघेल. हे ग्रुपवर कधीच येणार नाही.

ऑर्डर, पेशंटचे फोटो, ओव्हर

थोडक्यात: नको. कारणं मात्र माहीत असावीत, कारण सीनियरच मागत असले की नवीन मुलीला नाही म्हणता येत नाही.

मेसेज पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. खाली तो बदलल्याची खूण एवढीच दिसते, आधी काय होतं ते दिसत नाही. समजा ग्रुपवर ‘इन्सुलिन ६ युनिट’ आलं, तुम्ही दिलं, आणि नंतर तिथे १६ दिसतं. तुमच्या हातात काय पुरावा? शिवाय घाईत इंग्रजीत ‘युनिट’चं नुसतं यू लिहिलं की ते शून्यासारखं वाचलं जातं आणि ६चे ६० होतात, ही औषधांच्या चुकांमधली जुनी, ओळखीची चूक आहे. ऑर्डर ट्रीटमेंट शीटवर हवी. फोनवर घ्यावीच लागली तर लिहून घ्यायची, परत वाचून दाखवायची, दुसऱ्या सिस्टरला साक्षीला ठेवायचं आणि हॉस्पिटलने ठरवलेल्या मुदतीत डॉक्टरांची सही घ्यायची. पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपॅरिन यांना तर दुसऱ्या सिस्टरने तपासल्याशिवाय हातच लावायचा नाही. इन्चार्जने हे नियम म्हणून आधीच जाहीर केलेले असले की फ्रेशरला डॉक्टरांसमोर एकटीने उभं राहावं लागत नाही. ‘आमच्या सिस्टरांचा नियम आहे सर’ एवढं म्हणता येतं. इन्चार्जने नवीन स्टाफला देण्यासारखं याहून मोठं संरक्षण नाही.

ईसीजीचा, जखमेचा, शीटचा फोटो ग्रुपवर पडला की तो चौतीस जणांच्या गॅलरीत जातो आणि तिथून ज्याच्या-त्याच्या क्लाउड बॅकअपमध्ये. मेसेज पाठवताना एन्क्रिप्शन असतं हे खरं, पण गॅलरीत पोचल्यावर त्याचा उपयोग नाही. प्रत्येकीने आपापल्या फोनवर त्या ग्रुपसाठी ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करावी. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा हॉस्पिटलांसाठीही आहे, त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात, आणि चौकशी निघाली की फोटो कोणाच्या फोनमधून गेला हे पाहिलं जातं. तो फोन सहसा सगळ्यात ज्युनिअरचा असतो.

ओव्हर बेडजवळ, पेशंटसमोर, फाइल हातात घेऊन. याला पर्याय नाही.

इन्चार्जची बाजू

या बाजूकडे कोणी बघत नाही. तीस-पस्तीस माणसांचं रोस्टर, वरून कमी स्टाफ, आणि रात्री अकराला येणारे मेसेज. त्यात ॲपची एक खोड आहे: सेटिंगमध्ये निळ्या टिक बंद केल्या तरी ग्रुपमध्ये कोणी वाचलं ते दिसतंच. इन्चार्जला कळतं मुलीने वाचलं, मुलींना कळतं सिस्टरनी वाचलं, आणि दोन्हीकडे ‘वाचून गप्प बसली’ हा राग साठतो. ग्रुप म्यूट केला तरी नाव टॅग केल्यावर फोन वाजतो.

तोडगा असा. हॉस्पिटलने वॉर्डसाठी एक मोबाइल आणि सिम द्यावं, ते नर्सिंग स्टेशनवरच राहावं आणि ग्रुपचं ॲडमिन तेच असावं. तेवढंही होत नसेल तर इन्चार्जने दुसऱ्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्यावं. त्यात ड्युटीबाहेरच्या वेळेसाठी आपोआप जाणारा मेसेज लावता येतो: ‘माझी ड्युटी संपली आहे. तातडीचं असेल तर ऑन-ड्युटी सुपरवायझरना फोन करा.’ हा मेसेज एकट्या-एकट्याच्या चॅटला जातो, ग्रुपला नाही, हे लक्षात ठेवावं.

आजारपणाची सुट्टी ग्रुपवर कळवू नये, हे नवीन स्टाफला स्पष्ट सांगावं. सातच्या ड्युटीसाठी सहा-दहाला ‘ताप आहे, येऊ शकत नाही’ असा मेसेज टाकला आणि इन्चार्ज त्या वेळी गर्दीच्या लोकलमध्ये असल्या, तर त्या दादरला उतरून वाचणार. तोवर पावणेसात. नाईटची सिस्टर रिलीव्हर येईपर्यंत हलू शकत नाही, तिच्यावर डबल बसते, आणि नवीन मुलीविरुद्ध पहिला राग तिथे धरला जातो. आधी सुपरवायझरना फोन, तोही शक्य तितका लवकर, दोन-तीन तास आधी. मग नोंदीसाठी इन्चार्जना एकटीच्या नंबरवर मेसेज.

आता कौतुकाचं. पावसात गाड्या बंद पडल्या की या ग्रुपला तोड नाही. कोण कुर्ल्याला अडकली, कोण हॉस्टेलवर आहे, कोण वॉर्डात थांबलेली आहे आणि तिचं जेवण झालंय का, हे पंधरा मिनिटांत समजतं. अशा दिवशी ज्या इन्चार्ज ‘जी निघाली नाही तिने निघू नका, वॉर्ड आम्ही बघतो’ असं लिहितात, त्यांच्यासाठी त्याच मुली पुढे वर्षभर न कुरकुरता थांबतात.

ग्रुपची मांडणी कशी असावी

एक ग्रुप फक्त सूचनांसाठी: सेटिंगमध्ये मेसेज पाठवायचा अधिकार ॲडमिननाच ठेवायचा. रोस्टर, सर्क्युलर, ट्रेनिंगच्या तारखा, बस. दुसरा अगदी छोटा: इन्चार्ज, शिकवणारी सीनियर आणि तिच्याकडे दिलेल्या एक-दोन नवीन मुली. प्रश्न तिथे विचारायचे. कितीही साधा प्रश्न असो, त्यावर हसायचं नाही हे सीनियरला आधी सांगून ठेवायचं.

सूचनांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वॉर्डबॉय, एजन्सीचे लोक, कधी औषध कंपनीचा माणूसही त्यात असतो. बरेच वॉर्ड एकत्र असतील तर व्हॉट्सॲप कम्युनिटी बरी, तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये इतर सदस्यांचे नंबर झाकलेले राहतात. ते जमत नसेल तर नवीन मुलीला प्रोफाइल फोटो आणि स्टेटस ‘माझे संपर्क’वर ठेवायला सांगावं. त्या नंबरवर कोणी रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवायला लागलं तर ते डिलीट करू नयेत, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवावेत. २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असते आणि घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते. समितीतल्या सदस्यांची नावं इन्चार्जने सूचनांच्या ग्रुपवर स्वतःहून टाकून ठेवावीत, म्हणजे विचारायची वेळ आलेल्या मुलीला कुणाला विचारावं लागत नाही.

वॉर्ड बदलला किंवा नोकरी सोडली की त्याच दिवशी तिला ग्रुपमधून काढावं, आणि त्याआधी नीट निरोप देऊन काढावं. ग्रुपमधून गेलं तरी जुनं चॅट आणि फोटो तिच्या फोनमध्ये राहतात. म्हणून क्लिअरन्स फॉर्मवर लॉकरची किल्ली आणि आयकार्ड यांच्याखाली आणखी एक ओळ वाढवावी, ‘वॉर्ड ग्रुपचं चॅट आणि मीडिया डिलीट’, आणि इन्चार्जने सही करण्याआधी ते तिच्यासमोर, तिच्याच हातून करून घ्यावं.